ऋतिकाच्या बाजूचं पाणी

आमच्या रावेरकडे घर बांधताना गवंडी फरशीला ढाळ देतो. बादलीभर पाणी ओतून खराटा फिरवला की पाणी आपसूक दाराबाहेर गेलं पाहिजे, अशी घरातल्या बायकांची अट असते. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे लताबाईंनी, गवंड्याला समोर उभं करून तांब्याने पाणी ओतलं होतं आणि ते उंबऱ्यापर्यंत गेल्यावरच त्याला चहा दिला होता. त्या ढाळाचा मला कधी त्रास झाला नव्हता. पण गेल्या उन्हाळ्यात आम्ही बैठकीच्या खोलीत माशांची काचेची पेटी ठेवायची ठरवलं, आणि तो आडवा आला.

पेटी हवी होती ती ऋतिकासाठी. ऋतिका माझी एकुलती एक मुलगी, पहिलीत जायच्या वयाची. थंडीच्या दिवसांत माझे सासरे, जीवराम आबा, तिला बोटाला धरून केळीच्या बागेत गेले होते. बागेच्या कडेला आमचं शेततळं होतं. खोल खड्डा, चारी बाजूंनी उतार आणि आत प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेली. त्या पन्नीवर शेवाळ धरतं, आणि एकदा पाय सुटला की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. आबांचा पाय सुटला. ऋतिका काठावर उभी राहून ओरडत होती. मजूर पलीकडे घड कापत होते, ट्रॅक्टर चालू होता, कुणाला काही ऐकू गेलं नाही. माणसं पोचली तेव्हा आबा गेलेले होते आणि तिचा आवाज पार बसलेला होता. तो परत आलाच नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. घसा ठणठणीत होता. मग त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांच्या दवाखान्यात बाकासमोर माशांची पेटी होती. महिनोन्‌महिने एका जागी न टेकलेली माझी पोर तिच्यासमोर बसली आणि उठेचना. बाई म्हणाल्या, घरी अशी एक आणता आली तर बघा. मी लगेच हो म्हटलं. जूनमध्ये शाळा सुरू होणार होती आणि पहिलीच्या बाईंनी मला गोड आवाजात सांगितलं होतं, "मॅडम, निदान स्वतःचं नाव तरी सांगता यायला हवं. नाहीतर तिला वेगळ्या शाळेत घालावं लागेल." मी त्याच संस्थेच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण तेव्हा गिळलं.

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. "घरात पानी भरून कशाले ठेवतं?" एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझे यजमान, तेजस, केळीचं पॅकिंग शेड चालवतात. पेटीखालचा घोडा त्यांनी शेडमधल्या उरलेल्या लोखंडी अँगलचा जोडून आणला. एक पाय आखूड होता, त्यात फरशीचा ढाळ. पेटी भिंतीला लावून लांबीत ठेवली होती. तिचं डावं टोक दाराकडे आणि उजवं स्वयंपाकघराकडे. पाणी भरलं तर ते दाराकडच्या काचेवर चांगलं दोन बोटं वर. तेजसनी केळीच्या खोक्यात घालतात तो पांढरा फोम आणला आणि घडी करून दाराकडच्या कोपऱ्याखाली कोंबला.

"आम्ही एवढी खोकी दुबईला पाठवतो," ते म्हणाले. "या फोमच्या जिवावर एक केळ काळं पडत नाही."

"केळ्याला काच नसते," मी म्हटलं.

भुसावळहून किरण आला होता, मासे विकणारा. त्याने कपाळाला हात लावला. "वहिनी, फोमने लेव्हल करायची नसते. लेव्हल पायाखाली करायची. फोम अख्ख्या पेटीखाली सपाट टाकायचा, तो फक्त बारीकसारीक खडबड गिळतो. एकाच कोपऱ्यात कोंबला तर काच पिळते. मग एक दिवस घरभर पाणी." त्याने पेटी रिकामी केली, घोड्याच्या दाराकडच्या पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले, फोमचा एकसंध तुकडा अंथरला आणि वर लेव्हल बघायची बुडबुड्याची पट्टी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. पुन्हा पाणी भरलं. पाण्याची रेघ काचेच्या काठाशी अगदी समांतर. मी स्वतः शिवणाच्या टेपने दोन्ही टोकांना मोजून पाहिलं, कारण माझा कुणावर विश्वास नसतो.

ऋतिका उजव्या टोकाशी, स्वयंपाकघराजवळ स्टूल घेऊन बसायला लागली. सकाळी बसायची ती जेवायलाच उठायची. पंपाचे बुडबुडे बुडबुड करत राहायचे. बाहेर मेचं ऊन, केळीची पानं जाळणारा वारा, आणि आत ती आणि ते हिरवट पाणी. मला बरं वाटायचं.

मग एका सकाळी मला पाण्याची रेघ पुन्हा तिरकी दिसली. या वेळी स्वयंपाकघराकडे वर होती. म्हणजे ढाळाच्या उलट.

मला किरणचा राग आला. दाराकडचे तुकडे जास्त झाले असणार. मी शेडमधून तसली बुडबुड्याची पट्टी आणून लावली. बुडबुडा मधोमध. पेटीच्या काठावर लावली, तरी मधोमध. घोड्यावर पेटीशेजारी पाण्याने भरलेला पेला ठेवला, तर पेल्यातलं पाणी सरळ. फक्त पेटीतलं तिरकं. आणि सगळे मासे दाराकडच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून.

मी खाली वाकून काचेला नाक लावून ती रेघ बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "मम्मी, सरक."

मी सरकले. पटकन, मुकाट्याने, जणू काही घडलंच नाही अशी सरकले. मग स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि ओट्याला धरून रडले.

त्यानंतर ती बोलायला लागली. थोडंथोडं. पाणी दे. भूक नाही. तो काळा मासा भांडखोर आहे. तेजस शेडमधून दिवसातून चारदा उगाचच घरी येऊ लागले. आणि मी पाण्याची रेघ बघायला लागले, कारण मला ते सोडवेना. ऋतिका स्टूल उचलून मधे बसली की थोड्या वेळात पाणी पेटीच्या मधोमध फुगल्यासारखं दिसायचं. ती दाराकडे गेली की पाणी दाराकडे चढायचं आणि मासे उलट बाजूला पळायचे. घाई नसायची त्याला. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागायचा. काच खराब असेल, उजेड वाकत असेल, असं मी माझं मलाच शिकवून पाहिलं. मग एकदा तिला बाहेर ओट्यावर खेळायला पाठवून मी टेप धरून बसले. पाणी दाराच्या काचेवर चढलं. ती मागच्या अंगणात गेली. पाणी मागच्या भिंतीकडे वळलं.

दुसरी गोष्टही लक्षात आली. जळगावला बाईंकडे नेलं, तिथे ती एक अक्षर बोलली नाही. माहेरी नेलं, तिथेही नाही. घरी येऊन स्टुलावर बसली, पाणी तिच्याकडे चढलं, आणि मग ती म्हणाली, "मामाच्या कुत्र्याला किती गोचिड्या आहेत."

पाणी तिच्याकडे झुकलं की तिला बोलता यायचं, नाहीतर नाही. मी विज्ञान शिकवते. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नाही, हे मी पोरांना दरवर्षी सांगते. पण माझ्या पोरीचा आवाज मी टेपने मोजून पाहिला होता.

मी कुणाला सांगितलं नाही.

सासूबाई मात्र एका दुपारी खोलीतून जाता जाता थांबल्या. "ज्योत्स्ना, पानी वाकडं काबरं दिसून राह्यलं वं?"

"काच जाड आहे ना आई, त्यामुळे वाटतं तसं."

"माह्या डोयाले कमी दिसतं, पन इतकं बी कमी नही," त्या म्हणाल्या. दिवसभर त्या खोलीतून गेल्या नाहीत, अंगणातून वळसा घालून गेल्या.

त्यांना कळलं असतं तर त्यांनी तेजसना सांगितलं असतं, आणि तेजसनी त्याच संध्याकाळी पेटी किरणकडे परत पाठवली असती. मग ऋतिका पुन्हा मुकी झाली असती. म्हणून मी किरणने नको म्हटलेलं सगळं केलं. शेडमधून फोमच्या पट्ट्या आणल्या आणि पेटीचं स्वयंपाकघराकडचं टोक उचलून त्याखाली कोंबल्या. भरलेली पेटी माझ्या एकटीने उचलली कशी गेली, हे तेव्हा मनात आलं नाही. पाणी त्या बाजूला वर आहे ना, मग पेटीच त्या बाजूला वर करायची. रेघ काठाशी समांतर दिसली की झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला काय, दोन रेघा जुळल्या की डोळे पुढे जातात. ऋतिकाला मी सांगून ठेवलं, स्टूल इथेच ठेवायचं, हलवायचं नाही. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी फोम कमी पडला. तिसऱ्या दिवशी अजून. काच पिळली जाईल याची भीती वाटायची, पण ती लहान भीती होती.

मेच्या शेवटी आम्ही बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घातले. सासूबाई गच्चीवर कपड्यावर ज्वारीचे बिबडे थापत होत्या, मी खाली पातेल्यात त्यांच्या पिठाचा घाटा ढवळत होते. बाहेरच्या खोलीत ऋतिका एकटीच बोलत होती. मला ते आवडायचं. मी हात न थांबवता ऐकत होते.

"नाही, मम्मी आहे," ती म्हणाली.

मग थोडा वेळ काही नाही.

"आजी वर आहे. बिबडे करतेय."

पुन्हा शांत.

"दाराला कडी आहे. माझा हात पुरत नाही."

मी तशीच पळी घेऊन बाहेर गेले. ती पेटीकडे तोंड करून बसली होती, गुडघे जुळवून, शाळेत बसतात तशी.

"कुणाशी बोलतेस गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बोलत नव्हते. सांगत होते."

त्या दिवशी पेटी रिकामी करायला हवी होती, हे मला आज कळतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं. मी तिथेच फरशीवर बसले होते. पण त्याच संध्याकाळी तिने तेजसच्या मांडीवर बसून स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं, आणि वर एक कविताही म्हटली. तेजस रुमालात तोंड घालून बसले. ते बघून मी काय करणार होते? मी दाराची कडी बंद करून वरची खिट्टीही लावायला लागले, एवढंच केलं.

दोन दिवसांनी पुन्हा घाटा शिजत होता. सासूबाई गच्चीवर, तेजस शेडमध्ये. वीज गेली. पंखा थांबला आणि पेटीचा पंपही थांबला. इतके दिवस सतत कानात असलेली ती बुडबुड गेली आणि घर एकदम पोकळ वाटायला लागलं.

त्या शांततेत ऋतिका म्हणाली, "मम्मीला पण?"

मी पळी थांबवली.

"बरं," ती म्हणाली.

मी बाहेर आले. खोलीत कुणी नव्हतं. स्टूल दाराशी होतं. कडी उघडी, खिट्टीही उघडी, दार सताड.

पेटीतलं सगळं पाणी दाराच्या काचेवर चढलं होतं. पार काठापर्यंत. काठावरून थेंब थेंब ओघळत होतं. दुसऱ्या टोकाला वाळू उघडी पडली होती आणि मासे त्या ओल्या वाळूवर आडवे पडून कल्ले हलवत होते.

मला कुठे जायचं ते विचारावं लागलं नाही.

मी अनवाणी धावले. गल्ली, मग गाडरस्ता, मग आमच्या केळी. वाऱ्याने फाटलेली पानं दोन्ही बाजूंनी खडखडत होती. त्या आवाजात मला तिची पावलं ऐकू येईनात. मी तिला हाक मारायचा प्रयत्न केला, पण धाप लागली होती.

केळीची शेवटची ओळ संपली.

ती तळ्याच्या काठावर उभी होती. पाठमोरी. हात दोन्ही बाजूंना सरळ.

तळ्यातलं पाणी तिच्या बाजूला चढलं होतं.

समोरच्या काठाची काळी पन्नी तळापर्यंत उघडी पडली होती, ओली, उन्हात चकाकत. लाट नव्हती. काही हलत नव्हतं. एवढं सगळं पाणी तिरकं उभं होतं आणि त्याची कड तिच्या चपलांना टेकली होती.

"ऋतू!"

मी जिवाच्या आकांताने ओरडले. छातीतलं सगळं त्या एका हाकेत गेलं. पण ती हाक मला स्वतःलाच नीट ऐकू आली नाही. कुणी दुसऱ्या शेतातून ओरडावं तशी आली.

ती वळली. चेहरा शांत होता.

"आता नको ओरडू, मम्मी," ती म्हणाली. "झालं."

पाणी मागे गेलं. आवाज न करता, कुणी पांघरूण ओढून घ्यावं तसं गेलं आणि जागच्या जागी सपाट झालं.

मी तिला उचललं. तिच्या चपला कोरड्या होत्या.

तेजसनी दुसऱ्याच दिवशी मोटर लावून तळं उपसलं आणि कोयत्याने पन्नी फाडून टाकली. मी काय पाहिलं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. पोर एकटी तळ्यावर गेली, एवढंच कारण त्यांना पुरलं. पेटी न्यायला किरण आला. त्याने घोड्यावरून ती उचलली, खालच्या फोमच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि हातात दाबून बघत राहिला. "वहिनी, एवढा फोम कुणी कोंबला?" त्याने विचारलं. "आणि दबलेला कसा नाही हा? नव्यासारखा आहे. यावर वजन नव्हतंच का?"

मला त्याला उत्तर देता आलं नाही. काठावरच्या त्या हाकेनंतर मला कुणालाच उत्तर देता आलेलं नाही.

जळगावच्या त्याच डॉक्टरांनी माझ्या घशात बॅटरी मारून पाहिली. घसा ठणठणीत आहे म्हणाले. मी शाळेतून रजा घेतली आहे. ऋतिका पहिलीत आहे आणि पहिलीच्या बाईंची आता वेगळी तक्रार आहे, की ती वर्गात गप्पच बसत नाही. ते ऐकून मी मनात हसले. तिचा आवाज घरभर ऐकू येतो, कुठल्याही पेटीशिवाय, आणि तेवढ्यासाठी माझा गेला असेल तर जाऊ दे, असंही मला खरोखर वाटलं आहे.

सुरुवातीला मी पाटीवर लिहून दाखवायचे. आता पाटी लागत नाही. ऋतिका माझ्या शेजारी बसते आणि सांगते. "मम्मी म्हणते, वरणात मीठ कमी आहे." "मम्मी म्हणते, पप्पांनी डॉक्टरकडे जाऊन यावं, खोकला जुना झाला." माझ्या मनात असतं तेच, माझ्याच शब्दांत. "माय वं, पोरीनं आईचं तोंडच घेतलं," सासूबाई एकदा म्हणाल्या. त्यांना हसायचं होतं, पण हसू आलं नाही. पाटी कपाटावर कुठेतरी पडली आहे. ती कुणी शोधत नाही, कारण ऋतिका कधी चुकत नाही.

काल आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. तेजस सांगत होते की यंदा पाऊस ओढ देतोय, विहिरीवर सगळी बाग निघायची नाही. ऋतिकाने भाकरीचा तुकडा मोडला.

"मम्मी म्हणते, शेततळ्यात नवी पन्नी टाका," ती म्हणाली. "आणि पाणी भरा. काठोकाठ."

सासूबाईंचा हात ताटावर थांबला. तेजसनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते. मी नुसती नकाराची मान हलवली असती, तरी पुरलं असतं. मी ती हलवली नाही.